सहावीसाठी तीन शाळांतून एक कशी निवडावी?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहता, मुलगी पाचवी पूर्ण करते आहे आणि समोर तीन शाळा आहेत. पहिली गावातली जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, पट ४१, शिक्षक ३. दुसरी साडेचार किलोमीटरवरची केंद्रशाळा (आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, मुख्य शाळा), पहिली ते आठवी, पट १६२, शिक्षक ७. तिसरे ११ किलोमीटरवर बाजाराच्या गावातले अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी. तुम्ही तिन्हींची यू-डायसवरची (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) माहिती काढलीत हे फार चांगले केलेत. त्यात गावच्या शाळेत एका शिक्षकामागे १४ मुले दिसतात, केंद्रशाळेला ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत बक्षीस मिळाले आहे आणि हायस्कूलचा दहावीचा निकाल ९८ टक्के आहे. प्रत्येक शाळा कशात तरी पुढे आहे, मग यातली चांगली कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

या तीन आकड्यांपैकी एकही आकडा तुमच्या मुलीच्या पुढच्या तीन वर्षांबद्दल फारसे सांगत नाही. अडचण खरी तिथे आहे. अख्ख्या शाळेला एक गुण देऊन तुलना करू नका. प्रश्न असा ठेवा: सहावी, सातवी आणि आठवीत माझ्या मुलीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी कोण शिकवणार, आठवड्यातले किती तास शिकवणार आणि ती व्यक्ती तिथे किती वर्षे राहणार? हे कळले की निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा तुमच्या घरावर, रस्त्यावर आणि मुलीच्या आत्ताच्या तयारीवर अवलंबून आहे. तो बाहेरच्या माणसाने करू नये.

सहावीपासून वेगळा विचार का करायचा, ते सांगतो. चौथी-पाचवीपर्यंत एक तळमळीचा शिक्षक सगळे विषय सांभाळून नेऊ शकतो. सहावीत पूर्णांक संख्या येतात, समीकरणे येतात, अपूर्णांकांवरच्या क्रिया येतात. सातवीत बैजिक राशी. इथे शिक्षकाला स्वतःला विषय पक्का यावा लागतो. म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याने (२००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून) सहावी ते आठवीसाठी नुसते दर ३५ मुलांमागे एक शिक्षक एवढ्यावर भागवलेले नाही. दर वर्गाला किमान एक शिक्षक आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी किमान एक, असे त्यात लिहिले आहे. आपल्याकडे यांना पदवीधर शिक्षक किंवा विषय शिक्षक म्हणतात. पण प्रत्यक्षात पदे पटावर मंजूर होतात. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत) सहावी-सातवीचा पट तुटपुंजा असला की तिन्ही विषयांची पदे मिळत नाहीत, एखादेच मिळते. आणि मंजूर पद भरलेले असेलच असेही नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त रिकामे राहते ते गणित-विज्ञानाचे पद.

आता तुमचा ‘एका शिक्षकामागे १४ मुले’ हा आकडा घ्या. ४१ मुले, ३ शिक्षक. केंद्रशाळेत १६२ मुलांना ७ शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे २३. कागदावर गावची शाळा जिंकते. पण गावात वर्ग सात आहेत आणि शिक्षक तीन. बहुधा दोघे उपशिक्षक पहिली ते पाचवी वाटून घेतात आणि एक पदवीधर शिक्षक सहावी-सातवी एकत्र सांभाळतो, तेही सगळ्या विषयांसाठी. म्हणजे ३५ मिनिटांच्या तासात सातवीला फळ्यावर शिकवणे चालू असताना सहावी लेखी काम करत बसते. तुमच्या मुलीच्या वाट्याला समोर उभे राहून शिकवण्याचा वेळ साधारण निम्माच येईल. शिवाय त्यातला एखादा शिक्षक प्रभारी मुख्याध्यापकही असतो. माहिती भरणे, आहाराच्या नोंदी, पंचायत समितीच्या बैठका हे सगळे त्याच्याच तासांतून वजा होते. केंद्रशाळेत एका शिक्षकामागे २३ मुले असूनही सहावी ते आठवीला तीन पदवीधर शिक्षक भरलेले असतील, तर तिथे प्रत्येक वर्गाला पूर्ण तास मिळतो. हायस्कूलमध्ये एका तुकडीत ५०-६० मुले असतील, पण विषयाला वेगळा शिक्षक असेल.

याचा अर्थ लहान शाळा वाईट असा मुळीच नाही. बहुवर्ग अध्यापन (एका वेळी दोन-तीन वर्ग शिकवणे) मनापासून करणारा शिक्षक असेल तर नऊ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची चूक त्याला तोंडपाठ असते, आणि मागे पडलेल्या मुलासाठी हे फार मोलाचे आहे. फक्त मुले भागिले शिक्षक या भागाकारावरून ते ठरत नाही.

म्हणून तिन्ही ठिकाणी मुख्याध्यापकांना भेटून हे विचारा. सहावी ते आठवीची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि गणित-विज्ञानाचे पद भरलेले आहे का? त्या शिक्षकांची पदवी कोणत्या विषयाची? बी.ए. झालेले शिक्षक गणित उत्तम शिकवतात असेही दिसते, पण मग वह्या जास्त बारकाईने पाहाव्या लागतात. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, तो नक्की विचारा: यांपैकी कोणी ‘कामगिरीवर’ दुसऱ्या शाळेत आहे का? पद इथले, पगार इथून, यू-डायसवर नाव इथे, आणि माणूस शिकवतो दुसरीकडे, असे होते. शेजारच्या शाळेत शिक्षकच नसतो तेव्हा तशी तात्पुरती सोय करावी लागते. पण आकड्यात सात दिसणारे प्रत्यक्षात सहा असू शकतात. शेवटचे, या शिक्षकांना इथे किती वर्षे झाली, बदलीच्या यादीत कोण आहे, निवृत्ती कोणाची जवळ आली आहे? जिल्हा परिषद शिक्षकांची निवृत्ती ५८व्या वर्षी होते. तुम्ही आज ज्या गुरुजींकडे पाहून शाळा ठरवाल ते पुढच्या वर्षी नसतील, तर निर्णयाचा पायाच जातो. ही माहिती केंद्रप्रमुखांकडे (केंद्रातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) असते. ‘मुलीच्या प्रवेशासाठी विचारते आहे’ असे सरळ सांगितले तर बहुतेक जण सांगतात. माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबण्याची गरज सहसा पडत नाही, आणि आपलेच लेकरू ज्या शाळेत घालायचे तिथे पहिलीच भेट अर्जाने होऊ नये असे मला वाटते.

यू-डायसवरची माहिती टाकून द्या असे मी म्हणत नाही. ११ अंकी क्रमांक टाकला (महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो) की बरेच मिळते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही माहिती शाळा स्वतः भरते, आणि तुमच्या हाती येते तोवर ती जुनी झालेली असते. त्यात सगळ्यात उपयोगी आहे तो इयत्तावार पट, आणि तोही तीन वर्षांचा ओळीने मांडून. गेल्या वर्षी पाचवीत १२ मुले होती आणि यंदा सहावीत ७ असतील, तर पाच जण कुठे गेले ते विचारा. मुंबईला बिऱ्हाड गेले, एखादे नवोदयला लागले, हे ठीक. पण पाचही जण हायस्कूलला गेले असतील, तर त्यांच्या आईवडिलांनी काहीतरी पाहून तो निर्णय घेतला आहे. त्यांच्या घरी जाऊन विचारा. उलट हायस्कूलमधून मुले परत गावच्या शाळेत आली असतील तर तेही विचारा.

निकालांकडे येऊ. हायस्कूलचे ९८ टक्के हा दहावीचा निकाल आहे. दहावीला बसलेल्यांपैकी किती पास झाले एवढेच तो सांगतो. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसली, हे जोडून पाहा. मार्च २०२५ च्या दहावीसाठी २०२२-२३ चा आठवीचा पट घ्यायचा. आठवीत १२० आणि दहावीला ९५ असतील, तर मधली २५ कुठे गेली? काही गाव सोडतात, मुलींची शाळा सुटते, काही नववीत मागे राहतात, आणि काही ठिकाणी कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले जाते. निकालाची टक्केवारी चढण्याचा तो एक सोपा रस्ता आहे. शिवाय दहावीच्या निकालात आठवीत बाहेरून आलेली मुलेही असतात, त्यामुळे त्या हायस्कूलची सहावी कशी आहे ते यातून कळत नाही.

शिष्यवृत्तीच्या फलकाचेही तसेच. ‘शिष्यवृत्तीत शंभर टक्के निकाल’ असे लिहिलेले दिसले की चार आकडे मागा: वर्गाचा पट किती, बसवले किती, पात्र किती, शिष्यवृत्तीधारक किती. पात्र म्हणजे प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के. गुणवत्ता यादीत येऊन प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मिळवणारे वेगळे आणि थोडे. १४ च्या वर्गातून तीन मुले निवडून बसवली आणि तिन्ही पात्र ठरली तरी फलकावर शंभर टक्के येतात. माझ्या मते सगळा वर्ग बसवून निम्मी मुले पात्र करणारी शाळा त्याहून कितीतरी सरस. आणि वर्ग नऊ मुलांचा असेल तर एका मुलाने टक्केवारी ११ ने हलते. अशा शाळेच्या एका वर्षाच्या निकालावरून काहीच ठरवू नका. निदान तीन वर्षांची मुले एकत्र मोजा.

वर्तमानपत्रात येणारे राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निकाल (२०२१ चा ‘नास’, २०२४ चे ‘परख’) नमुन्यावर आधारलेले असतात आणि जिल्ह्याचे चित्र दाखवतात. दोन शाळांत निवड करायला त्यांचा उपयोग नाही.

बक्षीस, रंग, बाग, बोलक्या भिंती यांबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे अनुदान येते: ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार रुपये. वीजबिलापासून खडूपर्यंत आणि स्वच्छतेपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळे त्यातच, आणि तेही पूर्ण व वेळेवर हाती पडेल याची खात्री नसते. त्यामुळे शाळा देखणी दिसत असेल तर गावाने वर्गणी काढली आहे, शिक्षकांनी धावपळ केली आहे. गावाचे शाळेकडे लक्ष आहे याची ती चांगली खूण आहे. गणित कसे शिकवतात याची नाही.

मग शिकवणे पाहायचे कसे? वह्या पाहा. मला एकच साधन निवडायला सांगितले तर मी वह्या निवडीन. त्यासाठी शाळेत जायचीही गरज नाही: तुमच्या वाडीतून या तिन्ही ठिकाणी जाणारी सहावी-सातवीची मुले असतीलच. संध्याकाळी त्यांच्या घरी बसा, आईला विचारा आणि गणिताची वही मागून घ्या. हुशार म्हणून ज्याचे नाव घेतात त्याची नको, मधल्या मुलाची.

सहावीच्या वहीत अपूर्णांकांची बेरीज काढा. १/२ + १/३ चे उत्तर कोणीतरी २/५ लिहिलेले सापडेलच. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवण्याची ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात होते. चूक झाली यात शाळेचा दोष नाही. त्यावर लाल शाईने काय केले आहे ते बघा. २/५ वरच बरोबरची खूण असेल, तर वही नुसती पाने उलटत तपासली आहे. फुली असेल आणि शेजारी मुलाच्या अक्षरात नुसते ५/६ असेल, तर फळ्यावरून उत्तर उतरवून घेतले, का ते कळलेले नाही. पण फुलीखाली ३/६ + २/६ = ५/६ अशी पायरी असेल आणि दोन दिवसांनंतरच्या तारखेला तसेच दुसरे उदाहरण मुलाने स्वतः बरोबर सोडवलेले असेल, तर त्या वर्गात शिकवणे चालू आहे. एवढ्या एका पानावरून अर्धा तास वर्गात बसून कळते त्यापेक्षा जास्त कळते, कारण बाहेरचे माणूस वर्गात बसले की तास बदलतो. मागच्या ऑगस्टचे पान बदलत नाही.

मग तारखा पाहा. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात सलग दहा-बारा दिवस गणिताची तारीखच नाही असे एकदोनदा दिसले तर कारण विचारा. निवडणुकीचे काम, मतदारयाद्या, प्रशिक्षण यांसाठी शिक्षकांना जावेच लागते. त्या काळात वर्ग दुसऱ्या कोणी घेतला का, एवढेच बघायचे. तीन शिक्षकांच्या शाळेत एक गेला तरी एक तृतीयांश शाळा थांबते, सातांच्या शाळेत ते निभावते. विज्ञानाच्या वहीत सगळ्यांची उत्तरे शब्दाला शब्द सारखी असतील तर ती गाइडमधली किंवा फळ्यावरची आहेत. त्यातला एखादा प्रश्न मुलाला तोंडी विचारा, स्वतःच्या शब्दांत सांगते का पाहा.

जमले तर दोन छोट्या गोष्टी करून घ्या. परीक्षा घेतल्यासारखे नको, बसल्या बसल्या. पाचवीच्या पुस्तकातला न पाहिलेला एक उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि त्यावर दोन प्रश्न विचारा, एक सरळ उताऱ्यातला आणि एक ‘असे का झाले असेल?’ अशा धर्तीचा. मग ६१२ भागिले ६ करायला द्या. उत्तर १०२ आहे; ज्यांचा भागाकार कच्चा आहे ती मुले मधला शून्य गाळून १२ लिहितात. सातवीतल्या मुलाने १२ लिहिले आणि ‘सहा बारे किती?’ विचारल्यावर त्याला स्वतःची चूक सापडली, तर काळजी नाही. सापडली नाही, तर दोन वर्षांत कोणी मागे वळून पाहिलेले नाही.

यातही घाईने निष्कर्ष काढू नका. सातवीतले मूल आज कुठे आहे यात पहिली ते पाचवीचा, घराचा आणि शिकवणीचा मोठा वाटा असतो. म्हणून तुलना शक्यतो अशा मुलांची करा जी तुमच्याच वाडीतल्या शाळेत पाचवीपर्यंत एकत्र होती आणि नंतर तीन ठिकाणी गेली. सुरुवात एकच होती, त्यामुळे पुढचा फरक बराचसा शाळेचा धरता येतो. तरी ज्यांना जमते तेच लांबच्या शाळेत पाठवतात आणि तीच मुले बहुधा शिकवणीलाही जातात, हे मनात ठेवा. प्रत्येक शाळेची निदान चार-पाच मुले तरी पाहा.

शाळेत जाल तेव्हा मधल्या वारी, जेवणाच्या सुट्टीनंतर जा. शनिवारी सकाळची शाळा असते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, प्रवेशोत्सव हे दिवस शाळा पाहण्याचे नाहीत. केंद्राची शिक्षण परिषद असते त्या दिवशी शिक्षकच नसतात. एप्रिलमध्ये जाऊन या. मे महिन्यात कुलूप असते. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग वर्गाचे वेळापत्रक मागा आणि घड्याळ पाहून बघा की त्या घटकेला कागदावर जो तास आहे तोच चालू आहे का. सलग दोन तास जुळले नाहीत तर कारण विचारा. मुलींचे स्वच्छतागृह दुपारी तीनला पाहा, सकाळी नको: पाणी आहे का, आतून कडी लागते का, किल्ली कोणाकडे असते. सहावी ते आठवी हीच पाळी सुरू होण्याची वये आहेत. कडी नसलेल्या दारामुळे मुली महिन्याला दोन-तीन दिवस घरी राहतात आणि हजेरीपत्रकावर त्याचे कारण कधीच येत नाही. या वर्गांना शिकवणाऱ्या एक तरी बाई आहेत का, हेही पाहा. आहाराच्या वेळी असाल तर एवढे बघा: सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ मंजूर असते, ते ताटात पडते का, आणि मोठ्या मुली पंगतीला बसतात की डबा घेऊन कोपऱ्यात जातात.

आता रस्ता. ११ किलोमीटर ऐकायला फार वाटत नाही. पण एसटीची वाट पाहणे धरून जाऊन-येऊन दोन तास लागत असतील, तर वर्षाच्या २२० दिवसांचे ४४० तास होतात. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षभरात शिकवण्याचे किमान तास १००० आहेत, म्हणजे त्याच्या जवळजवळ निम्मा वेळ प्रवासात. मुलगी पाचला घरी येते की सव्वासहाला, यावर तिचा अभ्यास, खेळ आणि झोप ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या भागात फेऱ्या रद्द होतात, तेव्हा हायस्कूलला जाणाऱ्या मुलांचे महिन्यात किती दिवस बुडाले हे शेजारच्या घरात विचारा. दाखवलेल्या हजेरीपेक्षा ते उत्तर खरे. ग्रामीण मुलींसाठी अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. शाळा सुटण्याची वेळ आणि परतीची गाडी यांत किती अंतर आहे आणि तेवढा वेळ ती कुठे बसेल, हा प्रश्न आहे. साडेचार किलोमीटरच्या केंद्रशाळेसाठी सोबत जाणाऱ्या किती मुली आहेत हे मोजा. तीन-चार असतील तर सायकल जमते, एकटीने नको.

आठवीचा विचार आजच करा. गावची शाळा सातवीला संपते, म्हणजे शाळा एकदा बदलावी लागणारच. प्रश्न आत्ता की दोन वर्षांनी, एवढाच. हायस्कूलमध्ये आठवीत बाहेरून येणाऱ्या मुलांना कोणत्या तुकडीत घालतात हे आधीच विचारा. पुष्कळ ठिकाणी पाचवीपासूनची मुले अ आणि ब तुकडीत असतात, सेमी-इंग्रजी तिथेच असते, अनुभवी शिक्षकांचे तासही तिकडे जास्त लागतात आणि नवी मुले क मध्ये जातात. तसे असेल तर सातवीपर्यंत गावात थांबण्याची किंमत मोठी आहे. पण प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन तुकडी ठरवत असतील, तर ही भीती राहत नाही. सेमीबद्दल आणखी एक: ती तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे स्पष्ट विचारा. एकाच इमारतीत दोन्ही असतात. विनाअनुदानित असेल तर फी लागते आणि शिक्षक टिकत नाहीत.

आठवीतच एनएमएमएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे एकूण ४८ हजार रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत ५५ टक्के हवेत आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवे. तुमच्या तिन्ही शाळा यात बसतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. दुसऱ्या पेपरात सातवी-आठवीचे गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र असते, त्यामुळे तयारी सातवीत सुरू व्हावी लागते. कोणती शाळा सगळ्या पात्र मुलांचे फॉर्म भरते आणि त्यासाठी जादा तास घेते, हे विचारा. मला विचाराल तर खेड्यातल्या शाळेची ही सगळ्यात चांगली कसोटी आहे. आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पुरवणीतही पास झाले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. सहावी-सातवीत कच्चे राहिलेले आता आठवीत उघडे पडते.

आतापर्यंतचे एकत्र मांडतो: आधी गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे का आणि टिकणार का, मग वह्या, मग रस्ता, मग आठवीची तुकडी. इमारत, बक्षीस आणि टक्केवारी या सगळ्यांच्या मागे.

तुम्ही दिलेल्या माहितीवर माझा कल सांगतो. केंद्रशाळेत तिन्ही पदवीधर शिक्षक खरोखर हजर असतील आणि सोबत जाणाऱ्या मुली असतील, तर मी केंद्रशाळा निवडीन: आठवी तिथेच होते, एनएमएमएस तिथून देता येते आणि नववीला हायस्कूलला जाताना ती मोठी झालेली असते. तिथले गणित-विज्ञानाचे पद रिकामे असेल आणि गावच्या सहावी-सातवीच्या गुरुजींच्या वह्या चांगल्या निघाल्या, तर सातवीपर्यंत गावात. पण सहावीच्या वर्गात ती एकटीच मुलगी असणार असेल, तर पुन्हा विचार करा. बरोबरीचे कोणी नसले की वर्गात बोलणे थांबते. हायस्कूल आत्ताच निवडावे ते दोनच कारणांनी: दोन्ही जिल्हा परिषद शाळांत गणिताला माणूस नाही, किंवा आठवीत येणाऱ्यांना तिथे खरोखर मागे टाकतात. मुलगी वाचनात आत्ताच अडखळत असेल तर मात्र ६० च्या तुकडीत घालू नका. तिला लहान वर्ग हवा.

शाळा बदलायचे ठरले तर प्रवेशाचे काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. शाळा सोडल्याचा दाखला जुन्या मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पट टिकवण्यासाठी गावच्या शाळेतून ‘थोडे थांबा’ असे म्हणतील. त्यांची अडचण खरी आहे, एका मुलाने त्यांचे पद जाऊ शकते, तेव्हा शांतपणे बोला. दाखला मिळाला की त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव आधारशी जुळवून पाहा. यू-डायस प्लसवर तिचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) जुन्या शाळेने ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, सोडला आणि नव्या शाळेने उचलून घेतला की नाही, हे ऑगस्टमध्ये स्वतः विचारा. ३० सप्टेंबरच्या पटात तिचे नाव नव्या शाळेत असायला हवे. नाहीतर पुस्तके, गणवेश आणि पुढचे शिष्यवृत्तीचे फॉर्म यांत वर्षभर हेलपाटे होतात.